‘अधांतर’ची खोली आणि गिरणगांवचें मैदान

कै. जयंत पवार यांचें ‘अधांतर’ हें नाटक 1997 सालीं रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून त्याविषयीं जें लिहिलें गेलें त्यांतील बहुतेक लेखन संपाभोंवतीं फिरत राहिलें आहे. तें स्वाभाविकच म्हटलें पाहिजे. 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या गिरणीसंपानें सुमारें अडीच लाख कामगारांचें जीवित उलथून टाकलें, आणि त्या उलथापालथींत सांपडलेलें एक धुरी कुटुंब नाटककारानें आपल्यापुढें उभें केलें. परंतु नाटक पुन्हा एकवार सावकाश वाचूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, त्यांतील एका पात्राकडे टीकाकारांचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. तें पात्र म्हणजे ती चाळींतली खोली.

नाटक सारें या एका खोलींत घडतें. स्थलैक्याचा हा नियम नाटककारानें पाश्चात्त्य नाट्यशास्त्राकडून उसना घेतलेला नाहीं. तो त्यास चाळीच्या मालकानें घालून दिलेला आहे. एका मुलास लेखक व्हावयाचें आहे, दुसरा क्रिकेटच्या नादांत बुडालेला आहे, तिसरा गुंडांच्या टोळींत शिरला आहे; आई आहे, मुलगी आहे, आणि सर्वांस मिळून चार भिंती. भांडण झालें तर रागावून जावें कोठें? आपल्या मध्यमवर्गीय नाटकांत रागावलेलें पात्र आंतल्या खोलींत जातें अथवा फिरावयास बाहेर पडतें. येथें आंतली खोली नाहीं, आणि बाहेर पडलें तर गल्लीचा नाका. बेकारीनें माणसें कुजतात हें खरें. पण कुजण्याला जी कोंडलेली हवा लागते ती त्या खोलींत आयतीच होती.

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या बाजूच्या वाचकांस ही खोली परकी वाटावयाची नाहीं. आमच्या इकडच्या खेड्यांतून जे गिरणीकामास गेले त्यांतील पुष्कळांनीं गांवकीच्या खोलींत दिवस काढले. एकाच गांवच्या लोकांनीं मिळून एक खोली धरावयाची, भिंतीवर ज्याची त्याची ट्रंक ठेवावयाची, जेवण खानावळींत, आणि पाळीप्रमाणें निजावयाचें. एक पाळी कामावर गेली कीं दुसरीनें तीच चटई पसरावी. अशा माणसास मैदान ही चैन नव्हती, तो त्याच्या घराचाच उरलेला भाग होता. परळच्या नरे पार्कांत आणि कामगार मैदानावर सभा भरत, तें कामगारांस राजकारणाची विशेष आवड होती म्हणून नव्हे. इतक्या माणसांनीं एकत्र बसावें अशी दुसरी जागाच त्यांच्या मालकीची नव्हती.

नाटककाराविरुद्ध माझा एक आक्षेप आहे, आणि तो येथेंच नोंदवितों. बाहेरचें जग या नाटकांत बातमीच्या रूपानें आंत येतें; त्या बाहेरच्या जगांत जमिनीचें काय चाललें होतें याचा हिशेब मात्र वाचकास आपला आपणच लावावा लागतो. नाटकांत माणसें अधांतरीं लोंबकळत आहेत. ज्या जमिनीवर त्यांनीं पाय टेकावयाचा ती कोणाच्या हातांत जात होती? हा आक्षेप रचनेविषयींचा आहे, हेतूविषयींचा नव्हे. खोलीची घुसमट त्यांनीं इतकी अचूक पकडली आहे कीं, दार उघडण्याची मागणी करणें हाही कदाचित् अन्यायच होईल. म्हणून दार उघडण्याचें काम टीकाकारानें करावें.

गिरणगांवांत गिरण्यांखालीं सुमारें 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलींतील 58 व्या नियमानें असें ठरविलें कीं, गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा झाल्यास शेंकडा 33 भाग बागा व मैदानें यांसाठीं महापालिकेस द्यावा, जवळ जवळ तितकाच भाग सार्वजनिक घरांसाठीं, आणि राहील तो मालकाचा. नियम साधा होता, आणि त्यांत एक प्रकारचा न्यायही होता. कारण ज्या वस्तीनें तीन-चार पिढ्या कापसाची धूळ खाल्ली तिच्या वांट्यास कांहीं झाडें येणार होतीं. 2001 सालीं हा नियम बदलला. वांटणी सगळ्या जमिनीची करावयाची नसून, जी जागा मुळांतच बांधकामाविना मोकळी आहे तिचीच करावयाची, असें ठरलें. गिरणी म्हणजे बहुतेक सगळें बांधकामच! एका दुरुस्तीनें मोकळ्या जागेचा वांटा नांवापुरता उरला. पर्यावरणवादी मंडळी न्यायालयांत गेली. ऑक्टोबर 2005 मध्यें उच्च न्यायालयानें निकाल त्यांच्या बाजूनें दिला आणि मार्च 2006 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. निकाल कायद्याच्या अर्थाविषयींचा होता, आणि कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार टीकाकारास नाहीं. पण ज्या शहरांत दरडोई मोकळी जागा सुमारें 1.25 चौरस मीटर भरते, म्हणजे निजावयाच्या चटईहूनही कमी, तेथें हा शब्दच्छल कोणाच्या अंगावर पडला तें उघड आहे. केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूत्रांत हें प्रमाण 10 ते 12 चौरस मीटर असावें असें सांगितलें आहे.

आतां मध्यमवर्गाविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे, कारण हें मासिक त्याच्याच घरीं वाचलें जातें. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्यें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दादर-माटुंग्याची आंखणी करतांना रुंद रस्ते आणि बागा राखल्या. 1925 मध्यें लोकांस खुलें झालेलें सुमारें 28 एकरांचें शिवाजी पार्क त्याच भागांत आहे. तेथील कट्ट्यावर आपल्या कित्येक कथाकादंबऱ्या जन्मल्या आहेत. परळ तेथून हांकेच्या अंतरावर. हवा व प्रकाश यांची गरज उभय ठिकाणच्या फुप्फुसांस सारखीच असतां आंखणी मात्र सारखी झाली नाहीं. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ या 1966 च्या संग्रहाचें नांव आपण कौतुकानें उच्चारतों. रस्ता हेंच विद्यापीठ होण्याची पाळी कवीवर कां यावी हें विचारीत नाहीं.

सुशिक्षित माणसाचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. बाग सर्वांस मोकळी ठेवली म्हणजे ती घाण होते. म्हणून थोडें शुल्क असावें, थोडा पहारा असावा, एखाद्या संस्थेनें ती दत्तक घ्यावी. घाण होते हें कोणी नाकारीत नाहीं. पण दत्तक या शब्दाचा अर्थ आपल्या धर्मशास्त्रानें फार पूर्वीं सांगून ठेवला आहे: दत्तक गेलेलें मूल जन्मदात्याचें राहत नाहीं. जानेवारी 2016 मध्यें महापालिकेनें मोकळ्या जागा दत्तक देण्याचें धोरण संमत केलें, तेव्हां नागरिकांनीं ओरड केली ती याच भीतीनें; आणि मुख्यमंत्र्यांनीं त्यास स्थगिती दिली. शुल्काचा मासला भायखळ्याच्या राणीच्या बागेंत पाहावयास मिळतो. 1862 मध्यें खुली झालेली ही बाग गिरणगांवास सर्वांत जवळची. पेंग्विन पक्षी आल्यावर 2017 मध्यें मोठ्या माणसाचें शुल्क 5 रुपयांवरून एकदम 50 झालें. आई, बाप व दोन मुलें अशा कुटुंबास मात्र 100 रुपयांची सवलत. सवलत देणाराचा हेतु चांगला असेल, पण कुटुंब म्हणजे चौघें ही कल्पना चाळींतील नव्हे. तेथें आत्या असते, धाकटा दीर असतो, आणि सुटींत गडहिंग्लजहून आलेलीं भाचरें असतात. धुरी कुटुंबानें या दरपत्रकापुढें उभें राहून कोणास आंत न्यावें आणि कोणास फाटकाबाहेर ठेवावें, असा एक प्रवेश पवारांनीं लिहिला असता तर तो त्यांच्या उत्तम प्रवेशांत गणला गेला असता.

गडहिंग्लजास फुटबॉलचें वेड आहे, आणि सामन्याच्या दिवशीं मैदानाभोंवतीं हमाल, वकील, मास्तर, गुऱ्हाळवाले एकाच कडेला उभे असतात. कोणी तिकीट विचारीत नाहीं आणि कोणी कोणाची जागा धरीत नाहीं. हिरण्यकेशीच्या कांठचें हें गांव आतां झपाट्यानें वाढत आहे. मुंबईस जें 2001 सालीं झालें तें येथें एखाद्या ठरावाच्या पोटकलमांतून होऊं शकेल, आणि मग कागद वाचणाराच तेवढा सावध राहील.

‘अधांतर’चा पुढील प्रयोग जो कोणी बसवील त्या दिग्दर्शकास एक सूचना. गिरणीचा बंद पडलेला भोंगा प्रेक्षकांच्या कानीं न पडतांही जाणवत राहतो, हें या नाटकाचें सामर्थ्य आहे. त्या खोलीस जी एक खिडकी असेल तिच्यांतून चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज यावा. मैदानांतील मोकळा आवाज नव्हे, बोळांतील, दोन्ही बाजूंनीं परत येणारा.