कमी फेसाची वाइन

शॅम्पेनला पर्याय म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या बाटल्या बहुधा शॅम्पेनची नक्कल करतात आणि तिथेच तोंडघशी पडतात. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठी व्हूव्रे गावात ‘दोमेन ह्युए’ या वाइनरीची ‘पेतियाँ’ ही फेसाळ वाइन मिळते. ती त्या वाटेलाच जात नाही. शॅम्पेनच्या बाटलीत दाब असतो साधारण 6 बार. हिच्यात अडीचच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या टायरइतका. त्यामुळे बूच काढताना बार उडत नाही. बुडबुडे बारीक, विरळ, जिभेला न टोचणारे.

फेस एवढा बेताचा, म्हणून द्राक्ष पुढे येतं. ते द्राक्ष म्हणजे शेनँ ब्लाँ, आणि फक्त तेच. पहिल्या वासात हिरवं सफरचंद आणि पेअर. पेला जरा निवळला, बर्फाचा कडक गारवा उतरला, की मध आणि मेण. नाकाला वाटतं, आता गोड लागणार. जिभेवर मात्र लख्ख आंबटपणा! नाक आणि जीभ यांच्यातली ही फारकत हीच या वाइनची सगळ्यात मोठी गंमत. बाटलीतच यीस्टच्या गाळावर मुरल्यामुळे मागे पावाच्या भाजलेल्या कडेची हलकी चव राहते, पण ती वरचढ होत नाही.

हा आंबटपणा येतो थंड हवेतून. ज्या वर्षी द्राक्षात साखर पुरेशी भरत नाही, त्या वर्षी गोड वाइनची पंचाईत होते आणि फेसाळ वाइनचं फावतं. आपल्या नाशिककडेही शेनँ आहे, दिंडोरीच्या ‘शाँदों’ या फेसाळ वाइनमध्येही ते वापरतात. पण तिथे उन्हापुढे आंबटपणा टिकवायचा तर तोडणी लवकर उरकावी लागते.

ही वाइन बनवणाऱ्या दोमेनचे गास्तों ह्युए अनेक वर्षं व्हूव्रेचे महापौर होते. वेगवान रेल्वे द्राक्षमळ्यांतून जाणार म्हटल्यावर गावाने विरोध केला. शेवटी गाडी डोंगराखालच्या बोगद्यातून गेली. त्यांचे जावई नोएल पँगे यांनी 1990पर्यंत दोमेनचे सगळे मळे बायोडायनॅमिक केले. रुडॉल्फ स्टायनर यांच्या 1924च्या व्याख्यानांतून निघालेली ही पद्धत: गायीच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग ते पाण्यात घुसळून शिंपडायचं, कामं चंद्र बघून करायची. चंद्राचं श्रेय मला पटत नाही. पण तणनाशक बंद, तोडणी हाताने, तीही पिकेल तशी अनेक फेऱ्यांत. एवढा वेळ मळ्यात घालवणाऱ्याला प्रत्येक वेल ओळखू येणारच.

नावाजलेल्या शॅम्पेनपेक्षा ही बरीच स्वस्त, आणि दहा वर्षं ठेवली तरी बिघडण्याऐवजी खुलते. टाळ्यांच्या गजरात बूच उडवायचं असेल तर दुसरी बाटली घ्यावी. हिला अरुंद उंच पेला नको, रुंद तोंडाचा हवा, आणि सोबत त्याच भागातलं सेंत-मोर हे राख लावलेलं शेळीच्या दुधाचं चीज.