‘जास्त चांगला’ ब्रेक म्हणजे काय? एका जपानी गाडीची समीक्षा



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज उघडलंत की काय?" (हशा) गॅरेज काही उघडलेलं नाही. पण समीक्षा फक्त कवितेची आणि नाटकाचीच करायची, असा नियम कुठे आहे? माणसानं विचार करून घडवलेली कुठलीही वस्तू समीक्षेला पात्र असते. आणि त्या वस्तूत दुसऱ्या माणसानं बदल केला, तर तो बदलही पात्र असतो. आज मी एका गाडीबद्दल आणि तिच्यात होणाऱ्या एका बदलाबद्दल बोलणार आहे. गाडी आहे माझदा एमएक्स-५, आणि बदल आहे ब्रेकचा.

माझदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ‘स्वराज माझदा’ची मिनीबस येते. ही गाडी त्या कुळातली नव्हे. दोन माणसांची, वर उघडी, छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. इंजिन १.६ लिटरचं, ताकद सुमारे ११५ हॉर्सपॉवर, वजन एक टनाच्या आत. आजच्या हिशोबात ही ताकद काहीच नाही. तरी २०१६ साली या गाडीचं उत्पादन दहा लाखांच्या वर गेलं, आणि दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये सर्वाधिक खपाचा विक्रम तिच्याच नावावर आहे. म्हणजे लोकांना तिच्यात काहीतरी सापडलं, आणि ते ताकदीत नव्हतं.

अशा गाड्यांना ‘नॉन-टर्बो’ म्हणतात. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच्या मदतीनं इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. आता ‘नॉन-टर्बो’ हे नाव बघा. नसलेल्या गोष्टीवरून ठेवलेलं नाव आहे हे. आपल्या न्याय-वैशेषिकांनी अभावावर फार बारीक विचार केलाय. ते म्हणतात, अभाव नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. जमिनीवर घट नाही, यात घट हा प्रतियोगी. मग या गाडीचा प्रतियोगी कोण?

१९९३ ची टोयोटा सुप्रा घ्या. तिच्यात तीन लिटरचं इंजिन दोन प्रकारांत मिळायचं. अमेरिकेत टर्बोवालीची ताकद ३२० हॉर्सपॉवर आणि बिनटर्बोची २२०. तिथे ‘नॉन-टर्बो’ म्हणजे श्रीमंत भावाचा गरीब भाऊ. अभाव खराच आहे, कारण प्रतियोगी शेजारीच उभा आहे. एमएक्स-५ चं तसं नाही. ती आली तेव्हा तिला टर्बोवाला भाऊच नव्हता. तोशिहिको हिराई या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ती घडली, आणि त्या गटानं एक जपानी शब्द धरला होता : ‘जिनबा इत्ताई’. घोडा आणि स्वार एकजीव. वजन कमी, पुढच्या आणि मागच्या चाकांवर भार जवळजवळ समान, आणि चालवणाऱ्याला रस्ता हातापायांना कळावा. त्या गाडीत टर्बो नाही, हा ठरवून घेतलेला निर्णय आहे. त्याला उणीव म्हणणं म्हणजे अभंगात ऑर्केस्ट्रा नाही म्हणून तक्रार करण्यासारखं आहे.

आणि गंमत अशी की गाडी हातात आली की लोक पहिल्यांदा ही ‘उणीव’ भरायला निघतात.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याच्याकडे १९९० ची एमएक्स-५ आहे. तिच्यात काय काय करणार, याची यादी त्यानं मला पाठवली, कदाचित मी कौतुक करीन या आशेनं. पुढच्या चाकांना मोठे चार पिस्टनचे कॅलिपर, लाल रंगाचे. भोकं पाडलेल्या मोठ्या डिस्क. त्या मावाव्यात म्हणून १७ इंचाची अलॉय व्हील. नवा सायलेन्सर, नवा एअर फिल्टर. टायर? "बजेटमध्ये बसतील ते." ब्रेक ऑईलचा उल्लेख नाही. मागच्या ब्रेकचाही नाही. ही यादी आपण कवितेसारखी वाचू, कारण ती या छंदातली प्रातिनिधिक रचना आहे.

पहिला प्रश्न. गाडी थांबवतं कोण? आपण म्हणतो ब्रेक. ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो टायर, कारण रस्त्याला तोच टेकलेला असतो. ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला किती अंतर लागेल, याचं गणित शाळेतलंच आहे. वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले घर्षणांक गुणिले गुरुत्वाकर्षण. घर्षणांक ०.९ धरला तर सुमारे ४४ मीटर. टायर जुना, कडक झालेला, घर्षणांक ०.७ वर आला, तर ५६ मीटर. बारा मीटरचा फरक. तीन एमएक्स-५ एकामागे एक उभ्या करा, तेवढा. आणि या सूत्रात डिस्कचा आकार कुठे आहे? कुठेच नाही. मूळ ब्रेक जर जोरात दाबल्यावर चाक लॉक करू शकत असतील, तर ते टायरच्या मर्यादेपर्यंत पोचलेले आहेत. डिस्क मोठी केली तर पायाला जोर कमी लागेल. अंतर तेवढंच राहील.

मग मोठे ब्रेक निरर्थक का? तसं म्हणणंही अन्यायाचं होईल. ब्रेकचं दुसरं काम आहे उष्णता पचवण्याचं. हिशोब करू. माणसासकट गाडी सोयीसाठी १,००० किलो धरा. ताशी १०० ला तिची गतिज ऊर्जा होते सुमारे ३८६ किलोज्यूल, आणि थांबताना ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते, तीनेक सेकंदांत. म्हणजे सरासरी १२० किलोवॉट. आणि इंजिन किती देतं? सुमारे ८५. गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र ब्रेक आहे, हे आपल्या कधी लक्षातच येत नाही.

आता समजा ७० टक्के उष्णता पुढच्या दोन डिस्कमध्ये गेली आणि प्रत्येक डिस्क चार किलोची आहे. एकदा थांबलात की तापमान साधारण ७० अंशांनी वाढेल. सहा किलोची डिस्क असेल तर ५० अंशांनी. एकदाच थांबायचं असेल तर या फरकाला काही किंमत नाही. पण रेस ट्रॅकवर दर वळणाला हेच, दहा वेळा, वीस वेळा, मध्ये गार व्हायला वेळ नाही. तिथे मोठी डिस्क खरोखर उपयोगाची. आपल्याकडे हे ज्ञान घाटात मिळतं. खंडाळ्याच्या उतारावर गिअर न्यूट्रल करू नका, असं का सांगतात? इंजिनाचा रोध सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि मग पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही.

ऐकत का नाही, तेही बघू. दोन कारणं असतात. एक, पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड जाते. दुसरं, ब्रेक ऑईल उकळतं. हे द्रव हवेतलं पाणी शोषतात. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही, हे मानकच आहे. पण त्यात पाणी मुरलं की तीच हमी १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या यादीत हजारो डॉलरचे कॅलिपर आहेत, आणि ते ज्याच्या भरवशावर चालणार ते काही डॉलरचं ऑईल नाही.

का नाही? कारण ऑईल दिसत नाही. लाल कॅलिपर चाकाच्या आऱ्यांतून दिसतो. भोकं पाडलेली डिस्क फोटोत छान येते. वजन घटल्यामुळे ती उष्णता उलट कमी साठवते आणि फार तापली तर तडे त्या भोकांपासून सुरू होतात, हे फोटोत येत नाही.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्रानं ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली. त्याचा मुद्दा साधा आहे. अलंकार स्वतः सुंदर असून भागत नाही, तो योग्य जागी हवा. अवयव आणि संपूर्ण यांचा मेळ म्हणजे औचित्य. मला वाटतं, गाडीत बदल करणाऱ्याला याहून चांगला निकष मिळणार नाही.

औचित्य सांभाळून बदल कसा होतो, हे खुद्द माझदानं दाखवलंय. १९९३ मध्ये त्यांनी १.८ लिटरचं इंजिन आणलं. ब्रेकही वाढवले. पुढची डिस्क २३५ मिलिमीटरची होती, ती २५५ ची केली. मागची २३१ ची होती, ती २५१ ची. बघा, दोन्हीकडे बरोबर वीस. शिवाय सांगाड्याला जास्तीचे आधार दिले. म्हणजे एक शब्द बदलला तर त्यांनी सगळी ओळ पुन्हा वाचली. माझ्या विद्यार्थ्यानं फक्त पुढचं वाढवलं. त्यानं काय होणार? पुढच्या चाकांचा वाटा वाढणार, ती आधी लॉक होणार, आणि मागच्या टायरची पकड वापरलीच जाणार नाही. थांबायचं अंतर वाढूही शकतं. उलट कुणी मागचेच वाढवले तर मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडी गर्रकन फिरेल. शिवाय १७ इंची जड चाकं, म्हणजे ज्या हलकेपणासाठी गाडी घडली त्यालाच सुरुंग.

इथे काही जण टोकाला जातात. म्हणतात, मूळ तेच पवित्र, हात लावू नका. हेही मला मान्य नाही. पस्तीस वर्षांच्या गाडीत ‘मूळ’ ब्रेक उरलेलेच नसतात. रबरी नळ्या फुगतात, कॅलिपरची सील कडक होतात, पिस्टन अडकतात. म्हणून पहिला बदल कोणता, तर जे होतं ते परत आणणं. नवीन नळ्या, नवीन सील, ताजं ऑईल, चांगले टायर. मग पॅड, आपण कुठे चालवतो ते बघून. त्यानंतरही ट्रॅकवर तापत असतील तर १.८ चे ब्रेक, चारही चाकांना. ते मूळच्या १४ इंची चाकांत मावतात.

आणि एक तर्कदोष इथे नेहमी होतो. लोक सांगतात, "मोठे ब्रेक बसवले आणि काय फरक पडला!" पडणारच. डिस्क नवी, पॅड नवे, ऑईल नवं, नळ्या नव्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय दिलं एकाच गोष्टीला, जी डोळ्यांना दिसते तिला. तुलना करायची तर नव्याची नव्याशी करा.

हे सगळं मी इतकं ताणून का सांगतोय? इंजिन आपल्यासाठी असतं. त्याची मजा आपली, खर्च आपला. ब्रेक मात्र बराचसा दुसऱ्यासाठी असतो. रस्ता ओलांडणारी बाई, पुढच्या गाडीतलं पोर. इंजिनातला दिखाऊ बदल फार तर हास्यास्पद ठरेल. ब्रेकमधला दिखाऊ बदल हे खोटं आश्वासन आहे. लाल कॅलिपर बघून चालवणारा मनात म्हणतो, "आता थांबेल," आणि पाच-दहा किलोमीटर जास्त वेगानं जातो. ते आश्वासन खोटं असल्याचं त्याला ज्या दिवशी कळतं, त्या दिवशी किंमत बहुधा दुसराच मोजतो. म्हणून ‘अपग्रेड’ हा शब्द ऐकला की मी विचारतो : कशापेक्षा चांगलं, कशासाठी चांगलं, आणि कोणासाठी चांगलं? तिन्हींची उत्तरं असतील तर खुशाल बदल करा. तो बदल म्हणजे त्या गाडीचं चांगलं वाचन होईल.

एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, भारतात असे बदल चालतात का?

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. उत्पादकानं दिलेला आणि नोंदणीत उतरलेला तपशील बदलेल, असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. पण मुरलेलं ब्रेक ऑईल बदलायला आणि झिजलेला टायर काढायला कुठलाच कायदा आड येत नाही. तरी आपण तेच टाळतो.

प्रश्न : आणि त्या गाडीला टर्बो लावलाच तर?

उत्तर : तर यादीचा क्रम उलटा धरायचा. वेग १०० चा १२० झाला, म्हणजे विसावा हिस्सा नाही, पाचवा हिस्सा वाढला. पण ऊर्जा वाढते १.४४ पट. म्हणून आधी टायर आणि चारही ब्रेक, मग टर्बो. थांबायची सोय झाल्यावर पळायचं. माझ्या विद्यार्थ्याला मी हेच कळवलंय, आणि त्यानं सध्या ऑईल बदललंय, असं त्याचं उत्तर आलंय. (हशा) लाल कॅलिपरचं मात्र अजून ठरत नाहीये म्हणतो.

वेळ झाली. थांबतो.