कट्यारीचे गोंदण आणि 'आवे मारिया'

संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स' ह्या आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात एक अडचण मोकळेपणाने मांडली आहे. स्तोत्रातील आशयापेक्षा गाणाऱ्याच्या स्वरानेच आपण अधिक हेलावतो, तेव्हा आपल्या हातून दोष घडतो असे त्यांना वाटे. तरीही श्रद्धेच्या उंबरठ्यावर असताना चर्चमधील गायनानेच आपले अश्रू वाहिले होते, हेही त्यांना विसरता येत नसे. पवित्र गाणे कोठे संपते आणि ऐहिक गाणे कोठे सुरू होते, हा प्रश्न तेव्हापासून ख्रिस्तसभेला सोडून गेलेला नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे कृष्णवर्णीय कॅथलिक गायक ॲरन नेव्हिल यांची कारकीर्द न्याहाळताना तो पुन्हा समोर उभा राहतो.

नेव्हिल यांचा जन्म 1941 चा. गोदीत ओझी वाहिलेले भरदार शरीर, रुंद खांदे आणि डाव्या गालावर कोवळ्या वयात गोंदवून घेतलेली कट्यार. ते गोंदण पाहून वडिलांनी गाल खरखरीत घासणीने घासायला लावला; कातडी सोलवटली, कट्यार मात्र तशीच राहिली. अशा माणसाच्या कंठातून जो स्वर निघतो तो मात्र पिसासारखा हलका, उंच आणि थरथरता. प्रथम ऐकणाऱ्याला देह आणि स्वर एकाच माणसाचे आहेत, हे पटत नाही.

'सोल' आणि 'फंक' ह्या संज्ञा आपल्या वाचकांना कदाचित अपरिचित असतील. कृष्णवर्णीयांच्या प्रॉटेस्टंट चर्चमधील गॉस्पेल गायनाची आर्तता घेऊन ती मानवी प्रेमाच्या शब्दांना दिली, तेव्हा सोल संगीत जन्मास आले. फंकमध्ये सुरावटीपेक्षा ठेका प्रधान. गिटार काय किंवा ऑर्गन काय, प्रत्येक वाद्य जणू ढोलाचे काम करते. अर्थात चर्चचे सूर बाजारात नेले म्हणून सोल गायकांवर रोष ओढवे. सॅम कुक यांनी आपली पहिली ऐहिक ध्वनिमुद्रिका नाव बदलून काढली होती. अल ग्रीन यांनी कीर्तीच्या शिखरावरून वळून 1976 मध्ये मेम्फिस येथे स्वतःचे चर्च सुरू केले आणि नंतर कित्येक वर्षे प्रामुख्याने धार्मिक गीतेच गायिली. त्या परंपरेत गायकाला दोन दारांपैकी एक निवडावे लागे.

न्यू ऑर्लिन्सची गोष्ट थोडी निराळी. 1718 मध्ये फ्रेंचांनी वसवलेले आणि पुढे स्पॅनिश अंमल पाहिलेले हे शहर मुळात कॅथलिक वळणाचे. तेथील कॅथलिक मालकांनीही गुलाम बाळगले, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु त्याच शहरात 1842 मध्ये हेन्रिएट डेलिल ह्या कृष्णवर्णीय स्त्रीने 'सिस्टर्स ऑफ द होली फॅमिली' हा संघ स्थापन केला. तेथे राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मार्डी ग्राला, रस्त्यांतून मिरवणुका निघतात. कृष्णवर्णीय वस्त्यांतील टोळ्या पिसे आणि मणी ओवलेले पोशाख घालून मूळ अमेरिकी आदिवासींचा सन्मान करीत नाचतात. नेव्हिल यांचे मामा जॉर्ज लँड्री हे अशाच एका टोळीचे प्रमुख होते. त्यांच्यासाठी 1976 मध्ये 'वाइल्ड चॉपिटूलस' ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा आर्ट, चार्ल्स, ॲरन आणि सिरिल हे चार भाऊ प्रथम एकत्र आले. फंकचा पाया घालणाऱ्या 'द मीटर्स' ह्या वाद्यवृंदाचे नेते थोरले बंधू आर्ट. म्हणजे ह्या घरात ठेका, सण आणि प्रार्थना एकाच अंगणात नांदत होती.

ॲरन यांचा मार्ग मात्र खडतर होता. तरुणपणी मोटारचोरीसाठी सहा महिन्यांचा तुरुंगवास घडला. 1966 च्या अखेरीस निघालेले 'टेल इट लाइक इट इज' हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. पण ध्वनिमुद्रिका काढणारी छोटी कंपनी बुडाली आणि गायकाच्या पदरी फारसे काही पडले नाही. देशभर ज्याचे गाणे वाजत होते, तो पुन्हा मजुरीला लागला. त्यात हेरॉइनचे व्यसन जडले. त्या काळात आईने शिकवलेली संत ज्यूड यांची भक्ती त्यांच्या उपयोगी पडली. ज्यांची आशा सुटली त्यांचे हे आश्रयसंत! न्यू ऑर्लिन्सच्या रॅम्पार्ट स्ट्रीटवरील त्यांच्या तीर्थस्थानी नेव्हिल जात आणि नोव्हेना करीत. व्यसनातून सुटल्याचे श्रेय ते ह्या संताच्या मध्यस्थीला देतात. उपचार केंद्राची पायरीही त्यांना चढावी लागली, हे येथे सांगितले पाहिजे. कृपा वैद्याचा हात बाजूला सारीत नाही.

आता त्यांच्या कलेविषयी. एकाच अक्षरावर अनेक स्वरांची लड उलगडणे हे नेव्हिल यांचे वैशिष्ट्य. लहानपणी चित्रपटांतील काऊबॉय गायकांची गळ्याला झटका देणारी तऱ्हा त्यांनी उचलली, त्यात गॉस्पेलची आर्तता मिसळली. आपल्या पुरातन ग्रेगोरियन गायनात 'आलेलुया'च्या शेवटच्या अक्षरावर अशीच दीर्घ स्वरमाला येते. जे शब्दांत बोलता येत नाही आणि गप्पही राहवत नाही, ते हृदय अशा निःशब्द जल्लोषात बोलते, अशा आशयाचे विवेचन ऑगस्टीन यांनीच स्तोत्रांवरील भाष्यात केले आहे. नेव्हिल यांच्या गळ्यातील कंप हा नुसता अलंकार नसतो तेव्हा तो हेच काम करतो.

मात्र तो नेहमीच तसा नसतो. 1989 च्या 'येलो मून' ह्या ध्वनिमुद्रिकेत निर्माते डॅनियल लान्वा यांनी त्या स्वराभोवती काळोख आणि अवकाश ठेवला. खाली भावांचा खडबडीत ठेका आहे. तेथे सॅम कुक यांचे 'अ चेंज इज गॉना कम' गाताना नेव्हिल आवाज चढवीत नाहीत, हाक मारीत नाहीत, आणि म्हणूनच ते गाणे एका वंशाच्या दीर्घ प्रतीक्षेची प्रार्थना होते. उलट, लिंडा रॉन्स्टॅट यांच्याबरोबरच्या द्वंद्वगीतांनी त्यांना ग्रॅमी पुरस्कार आणि घरोघरी कीर्ती मिळवून दिली, तरी पुढच्या काही गीतसंग्रहांत वाद्यमेळ इतका गुळगुळीत झाला की मधावर साखर पेरल्यासारखे वाटते. गोड गळ्याला कठीण जमीन लागते. 2010 च्या 'आय नो आय हॅव बीन चेंज्ड' ह्या धार्मिक गीतसंग्रहात ती पुन्हा सापडली: मोजकी वाद्ये, ॲलन टूसाँ यांचा पियानो आणि वयाने किंचित जाड झालेला स्वर. पत्नी जोएल यांचे 2007 मध्ये कर्करोगाने निधन झाले होते. त्याआधी 2005 च्या कतरिना वादळात घर गेले होते. ही दुःखे त्यांनी गाण्यात सांगितली नाहीत, तरी स्वरात ती ऐकू येतात.

1991 च्या 'वॉर्म युवर हार्ट'मध्ये त्यांनी शूबर्टचे 'आवे मारिया' गायिले. ते उपासनेत चालेल काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. मिस्सा ही समुदायाची. तेथे एका कंठाची नवलाई लक्ष वेधू लागली, तर ऑगस्टीन यांची भीती खरी ठरते. परंतु ते प्रार्थना नव्हे असे मी म्हणणार नाही. शूबर्टने 1825 मध्ये ती चाल सर वॉल्टर स्कॉट यांच्या खंडकाव्यातील एका गीताला दिली होती. लॅटिन 'नमो मरिया' त्यावर मागाहून बसवले गेले. आज ज्याला आपण निःशंकपणे पवित्र मानतो ते गीतही चर्चच्या दाराबाहेरच जन्मले. नेव्हिल यांना ते बालपणापासून प्रिय. संकटात सापडलेल्या मुलाने आईचे नाव घ्यावे तसे ते गातात.

2015 मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने त्यांना लेतारे पदक दिले. 1883 पासून अमेरिकन कॅथलिकांना दिला जाणारा हा मोठा सन्मान 1972 मध्ये डोरोथी डे यांना मिळाला होता. प्रायश्चित्तकाळातील आनंदाच्या रविवारचे नाव असलेले पदक ह्या गायकास शोभले. 2021 मध्ये त्यांनी दौरे थांबवले.

आपल्या घरांत तरुण मुले कानाला यंत्र लावून काय ऐकतात, ह्याची पालकांना काळजी वाटते आणि ते धर्मगुरूंना विचारतात, "फादर, हे गाणे चांगले की वाईट?" गाण्यात देवाचे नाव आहे की नाही, एवढ्यावरून मी आता उत्तर देत नाही. त्या गाण्याने माणूस अधिक खरा होतो की अधिक खोटा, हे आधी विचारावे. नेव्हिल यांनी दोन दारांपैकी एक निवडले नाही. प्रेमगीत आणि नोव्हेना एकाच कंठाने म्हटली. गालावरची कट्यार पुसली गेली नाही. त्याच गालाने त्यांनी मरियेपुढे मान वर केली, आणि ती तिने स्वीकारली असावी, असे मला वाटते.