आधी वळण, मग स्केल

मॉडेल रेल्वे करायला निघालेल्याला एक सल्ला हमखास मिळतो : खोली लहान आहे ना, मग स्केल लहान घ्या. एचओ (१:८७) मावत नसेल तर एन (१:१६०), तेही नसेल तर झेड (१:२२०). मला हा सल्ला अर्धवट वाटतो. तो फक्त जागा मोजतो. आपल्याला काय दाखवायचंय, हे विचारत नाही.

दहा बाय दहा फुटांची खोली घ्या, म्हणजे जेमतेम ३ मीटर. तिच्यात मला डेक्कन क्वीन हवी होती. साधारण २४ मीटरचा डबा एचओमध्ये २७ सेंटिमीटरचा होतो. १६ डबे धरले तर गाडी सव्वाचार मीटरच्या पुढे जाते. डबे कमी करता येतील, पण वळणाचं काय? आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येहून तीव्र वळणाला परवानगी नाही. एचओमध्ये ती त्रिज्या २ मीटर, म्हणजे पूर्ण वळसा ४ मीटर रुंद. एनमध्ये वळसा सव्वादोन मीटरवर येतो, मावतोही. पण मग मी उभा कुठे राहू? गाडी रुळावरून घसरली तर माझा हात पाऊण मीटरच पोहोचतो. माणूस काही १:१६० होत नाही.

यावर सगळे करतात ती तडजोड म्हणजे ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण. एचओमध्ये तिथे लांब डब्यांची टोकं रुळाबाहेर लोंबतात आणि एक्सप्रेसचं खेळणं होतं.

कॅलिफोर्नियातल्या जॉन अ‍ॅलनने हे ओळखलं होतं. त्याची ‘गोरी अँड डिफिटेड’ ही रेल्वे एचओमध्येच होती आणि सुरुवातीला एका टेबलाएवढी. पण त्याने डोंगरातली काल्पनिक रेल्वे निवडली. डोंगर असला की तीव्र वळण तडजोड वाटत नाही, ते त्या प्रदेशाचं वळण वाटतं. १९७३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच ती आगीत गेली. उरलेल्या फोटोंतही वळणं खटकत नाहीत.

आपल्याकडे असा विषय नेरळला उभा आहे. १९०७ पासूनची माथेरानची गाडी : रुळांत २ फुटांचं अंतर, सर्वांत तीव्र वळण सुमारे १८ मीटर त्रिज्येचं. एचओमध्ये ते २१ सेंटिमीटर; अख्खा वळसा पाटावर मावेल. ओ स्केलमध्ये (१:४८) गेलो तरी वळसा पाऊण मीटरचाच. म्हणजे त्याच खोलीत स्केल लहान नाही, मोठं करता येतं, आणि एकही वळण खोटं करावं लागत नाही.

किंमत आहेच. तयार डबे मिळतील या भरवशावर राहता येत नाही, बरंचसं हाताने करावं लागतं. आणि डेक्कन क्वीन सोडावी लागते. मला ते जड गेलं. पण चार डब्यांची, कोपऱ्यात लोंबणारी डेक्कन क्वीन करून तरी ती कुठे मिळणार होती?