भाला आणि बिरुद

नाव कोण देतो, हा प्रश्न खेळातही सुटत नाही. 'लॉस्ट आर्क' या कोरियन ऑनलाइन खेळात भाला चालवणारी एक योद्धा आहे. तिचे मूळ नाव 'छांगसुलसा', म्हणजे भालाविद्या जाणणारी. २०२२ साली इंग्रजी आवृत्तीने तिला 'ग्लेव्हिअर' केले. इंग्रजीत 'ग्लेव्ह' म्हणजे लांब दांड्यावरचे पाते. आजच्या फ्रेंचमध्ये मात्र याच शब्दाचा अर्थ तलवार! नावाला सरदारी थाट आला, विद्या गळाली. वास्तविक युरोपात दांड्याची शस्त्रे मुख्यतः पायदळाची. त्यांतले 'बिल' तर कुंपण छाटणाऱ्या शेतकऱ्याच्या कोयत्यातून घडले. तो राबता हात या नावात कुठे आहे? कोरियन नावातही तो नाही, हे खरे. पण तिथे निदान कमावलेल्या कौशल्याची कबुली आहे.