खड्ड्यातील दोन माणसे

जॉन आणि फेथ हबली यांचा ‘द होल’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा कार्टूनपट १९६२ सालचा. त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत त्याचा समावेशही झाला. तेव्हा चित्रपट उपेक्षित राहिला असे म्हणवत नाही. उपेक्षित राहिला तो त्यातील मजूर. अणुयुद्धाविरुद्धचा इशारा एवढ्याच नात्याने या कृतीचा निर्देश होत आला. तो इशारा कोण देतो, याचा विचार क्वचितच झाला.

न्यूयॉर्कमध्ये बांधकामासाठी खणलेल्या एका खड्ड्यात दोन कामगार, एक कृष्णवर्णी व एक गोरा, काम करता करता बोलत असतात. अपघात म्हणजे काय, आणि जगाचा नाश असा अपघातानेच ओढवला तर, हा त्यांच्या बोलण्याचा विषय. संवाद लिहून दिलेले नाहीत. जाझ संगीतातील विख्यात ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि नट जॉर्ज मॅथ्यूज यांनी ते उत्स्फूर्तपणे रचले, आणि त्या बोलण्यावर चित्रे बेतली गेली. म्हणूनच त्यात तुटलेली वाक्ये आहेत, पुनरुक्ती आहे, मध्येच फुटणारे हसू आहे. भाषांतरकाराने ही वाक्ये सावरून पुरी केली, तर त्या माणसांचा आवाजच नाहीसा होईल.

मजुराचे चित्रण करताना कलावंत बहुधा त्याचे कष्ट दाखवितो व आपली करुणा त्यावर पांघरतो. हबली दांपत्य त्याच्याकडे विचार सोपविते. आणि हा विचार उसना वाटत नाही. ज्याच्या डोक्यावर दिवसभर ओझी टांगलेली असतात, त्याला ‘अपघात’ या शब्दाचा अर्थ धंद्यातूनच कळलेला असतो. यंत्रणा निर्दोष आहे या ग्वाहीवर तो सहजी विसंबणार नाही. (जॉन हबली स्वतः १९४१ च्या डिस्ने संस्थेतील संपात होता, आणि १९५२ साली साम्यवादविरोधी चौकशीच्या वातावरणात त्याला यूपीए ही चित्रसंस्था सोडावी लागली, हेही येथे आठवते.)

संभाव्य युद्धाची कल्पना जेथे चित्ररूप घेते, तेथे चित्रपट काहीसा उदाहरणवजा होतो. खड्ड्यातील गप्पांना ती गरज नव्हती. याउलट दोघांच्या वर्णभेदाविषयी चित्रपट अवाक्षरही काढीत नाही. नागरी हक्कांचा कायदा व्हायला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. पडद्यावर मात्र ही माणसे बरोबरीने वाद घालतात, एकमेकांना खोडून काढतात, आणि पुन्हा कामाला लागतात.