‘पब्लियस’ आणि त्याचे प्रतिपक्षी

1787 च्या सप्टेंबरात फिलाडेल्फिया येथे अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेचा मसुदा बंद दाराआड पुरा झाला. तेरापैकी नऊ राज्यांच्या अधिवेशनांनी मान्यता दिली, की ती त्या राज्यांपुरती अमलात यायची होती. ही मान्यता मिळविण्यासाठी आणि रोखण्यासाठी पुढील दहा महिने वृत्तपत्रांतून जे लेखन झाले, त्यातील एकाच पक्षाच्या लेखनाला पुढे अभिजात वाङ्मयाचा मान मिळाला. तो मान पूर्णपणे न्याय्य आहे, असे आम्हांस वाटत नाही.

हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने लिहिलेल्या 85 लेखांचा संग्रह म्हणजे ‘द फेडरॅलिस्ट’. त्याच्या गुणांविषयी वाद नाही. सत्तेला सत्तेनेच आवर घालावा, हे प्रतिपादणारा 51 वा लेख मनुष्यस्वभावाची इतकी नेमकी पारख करतो की, त्यातला एकही दुवा काढून टाकता येऊ नये. पण निबंधकाराची खरी कसोटी त्याचा पक्ष जिथे लंगडा असतो तिथे लागते.

अशी जागा 54 व्या लेखात आहे. दक्षिणेकडील राज्यांचे प्रतिनिधी ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब घटनेत होता. मताचा अधिकार मात्र त्या गुलामांना नव्हताच. या तरतुदीचे समर्थन पब्लियस (बहुधा मॅडिसन) स्वतःच्या तोंडाने करीत नाही. तो एक काल्पनिक दाक्षिणात्य वक्ता उभा करतो, सारा युक्तिवाद त्याच्या तोंडी घालतो आणि अखेरीस, हा युक्तिवाद काही ठिकाणी ताणलेला असला तरी आपले समाधान झाले, अशी कबुली देतो. लेखणी इथे अडखळली आहे. जे आपल्या नावाने म्हणवत नाही ते दुसऱ्याकडून वदवून घ्यायचे, ही युक्ती चतुर खरी. पण टोपणनावाच्या आड आणखी एक आडोसा कशाला लागावा? याउलट न्यूयॉर्कच्याच वृत्तपत्रात लिहिणारा विरोधक ‘ब्रूटस’ आपल्या तिसऱ्या लेखात सरळ विचारतो: ज्यांना राज्यकारभारात वाटा नाही, त्यांच्या संख्येवर मालकांचे प्रतिनिधी का वाढावेत? त्याचे गद्य पब्लियसइतके घोटीव नाही, परंतु या एका प्रश्नापुरते ते अधिक प्रामाणिक आहे.

या वादातील सर्वांत जिवंत भाषा मात्र आम्हांस दोघांतही न सापडता मॅसॅच्युसेट्सच्या अधिवेशनात सापडते. 1788 च्या जानेवारीत अ‍ॅमॉस सिंगलटरी हे ग्रामीण प्रतिनिधी उभे राहिले आणि म्हणाले, हे वकील, विद्वान आणि पैसेवाले गोड बोलून सत्ता हाती घेतील आणि माशाने योनाला गिळावे तसे आम्हां गरिबांना गिळतील. त्यांना उत्तर द्यायला कोणी विद्वान उठला नाही, उठले जोनाथन स्मिथ हे नांगरावर पोट भरणारे शेतकरी. आदल्या वर्षीच्या बंडात शेजाऱ्याने शेजाऱ्यावर बंदूक रोखलेली त्यांनी पाहिली होती. अशा अंदाधुंदीत माणसे जुलमी राजासुद्धा पत्करतात, हा त्यांचा मुद्दा होता. घटना हाती येताच आपण ती पुनःपुन्हा वाचली, वकिलाचे मत विचारायला गेलो नाही, कारण आमच्या गावात वकीलच नाही आणि त्यावाचून आमचे काही अडत नाही, असेही त्यांनी सांगून टाकले. आपण ज्यांच्यासारखे आहोत त्यांच्याशी बोलत आहोत, याची जाण या भाषणाच्या शब्दाशब्दांत आहे. पब्लियस मात्र सदैव उंचावरून बोलतो. तेथे 187 विरुद्ध 168 मतांनी घटना मान्य झाली, तीही दुरुस्त्यांची शिफारस जोडूनच.

त्या दुरुस्त्यांविषयी हॅमिल्टन 84 व्या लेखात म्हणतात की, हक्कांची सनद अनावश्यक आहे, एवढेच नव्हे तर घातकही. जो अधिकार सरकारला दिलेलाच नाही, त्याला मनाई कशाला? तर्क चोख आहे. लोकांना तो पटला नाही. व्हर्जिनियाने 89 विरुद्ध 79, तर न्यूयॉर्कने 30 विरुद्ध 27 मतांनी मान्यता दिली ती दुरुस्त्यांची मागणी करीतच. अखेर 1789 च्या जूनमध्ये खुद्द मॅडिसन यांनीच काँग्रेसपुढे दुरुस्त्या मांडल्या आणि 1791 च्या डिसेंबरात त्यांपैकी दहा घटनेचा भाग झाल्या.

‘फेडरॅलिस्ट’ 1788 मध्येच ग्रंथरूपाने निघाला. विरोधकांचे विखुरलेले लेखन हर्बर्ट स्टोरिंग यांच्या संपादनाखाली सात खंडांत एकत्र आले ते 1981 साली. पब्लियस शिकविणाऱ्यांनी निदान त्याच्या 54 व्या लेखाशेजारी ब्रूटसचा तिसरा लेख ठेवावा, आणि तोही आधी वाचून घ्यावा.